चाकाच्या आतला रंग

नाशिकरोड सोडून देवळाली कॅम्पकडे निघालं की डाव्या हाताला मल्हारी टिळे याची गाड्या रंगवायची पत्र्याची शेड लागते. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अठरा वर्षांचा शेजार. त्याच्या गनमधून उडालेला रंग माझ्या कोऱ्या कागदांवर कितीदा येऊन बसलाय याची गणतीच नाही. एकदा दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्सवर चंदेरी ठिपका पडला, तर कॉलेजातल्या क्लार्कने त्या मुलीला विचारलं, "हा कुठला नवीन शिक्का?" तरी आमचं भांडण कधी झालं नाही, कारण मल्हारीशी भांडताच येत नाही. समोरचा आवाज चढवायला लागला की तो मान खाली घालून पॉलिश पेपर घासत राहतो. थोड्या वेळाने भांडणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

बावन्न वर्षांचा, उंच, काटक माणूस. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग. त्यावरून आम्ही ओळखायचो की आज कोणाची गाडी आली आहे.

शेड टाकण्याआधी मल्हारी अकरा वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे रंगारी होता. तिथल्या पहिल्याच महिन्यात त्याने एका पाइपाला साधा ऑइलपेंट मारला आणि जेवायला बसला. डबा खाऊन परत येईतो पाइपावरचा रंग पापडासारखा टम्म फुगला होता. मुकादमाने सगळा रंग त्याच्याकडून खरडून घेतला, आणि खरडताना प्रत्येक फुटाला एकच वाक्य ऐकवलं: "किती तापतं ते आधी विचारायचं!"

ते वाक्य मल्हारीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पुढे काहीही रंगवायला आलं तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. कोणी लोखंडी कपाट आणलं तरी विचारायचा, "किती तापतं?" कोणी सायकल आणली, कोणी गेट आणलं, तरी तेच. एकदा शेजारच्या देवळाचे पुजारी दानपेटी रंगवायला घेऊन आले. मल्हारीने तिच्यावरून हात फिरवला आणि मनापासून विचारलं, "ही किती तापते?" पुजाऱ्यांना वाटलं हा देवाची टिंगल करतोय. ते महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हते.

आणि अशा माणसाने आयुष्यात एकदाच तो प्रश्न नेटाने लावून धरला नाही. त्याचीच ही हकीगत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चांदवडचा शेखर गांगुर्डे नवी गाडी घेऊन शेडवर आला. घरचा कांद्याचा व्यापार, वय तिशीला टेकलेलं, मनाने मोकळा आणि कायम घाईत. गाडीला त्याने चकचकीत चाकं बसवून घेतली होती. त्या चाकांना मोठमोठ्या फटी, आणि फटींतून आतला ब्रेक दिसायचा. पुढच्या चाकांत एक लोखंडी थाळी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा एक जाड चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. एवढ्या देखण्या चाकांच्या आत तो चिमटा गंजून तांबूस झालेला. शेखरला ते बघवेना.

"अण्णा, हे दोन्ही लालभडक करून द्या," तो म्हणाला. "रविवारी कॅम्पात मुलगी बघायला जायचंय. मुलीचे वडील तोफखान्यातले रिटायर्ड सुभेदार आहेत. फर्स्ट इम्प्रेशन एकदम कडक पडलं पाहिजे."

मल्हारी खाली बसून चाकात डोकावला आणि सवयीप्रमाणे त्याने विचारलं, "किती तापतं?"

"ब्रेक कशाला तापेल अण्णा? तापतं ते इंजिन. ते गाडी पळवतं. ब्रेक बिचारा थांबवायचं काम करतो. जो थांबवतो तो कशाला तापेल?"

मल्हारीने माझ्याकडे पाहिलं. मलाही ते पटल्यासारखं वाटलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला पुढे बराच मनस्ताप झाला. शुक्रवार होता, रविवार तोंडावर आला होता, आणि नाही म्हणणं मल्हारीच्या स्वभावात नव्हतं. त्याने चाकं काढली, कॅलिपरवरून वरवर कपडा फिरवला आणि गेट रंगवायचा लाल ऑइलपेंट ब्रशने मारून दिला. दिसायला इतका सुरेख दिसला की शेखरने जमिनीवर आडवं होऊन त्याचे अकरा फोटो काढले.

रविवारी काय झालं ते आम्हाला शेखरकडूनच कळलं.

निघताना त्याच्या आत्याबाईंनी ठरवलं की मुलगी बघायच्या आधी वणीच्या गडावर देवीचं दर्शन घ्यायचं. गेले, दर्शन झालं, आणि नांदुरीचा घाट उतरताना गाडीत वास सुटला. आधी आत्याबाई म्हणाल्या कुणाची तरी चप्पल जळते आहे. मग म्हणाल्या ओटीत नारळ ठेवायचा राहिला, म्हणून देवी कोपली. घाटाच्या पायथ्याला शेखर उतरून बघतो तर पुढच्या चाकांतून धूर निघत होता. सगळे अर्धा तास झाडाखाली बसले. गाडी थंड झाल्यावर पुढे निघाले आणि उशीर झालेला असल्यामुळे चाकांकडे न बघताच थेट सुभेदारांच्या दारात पोचले.

सुभेदार गेणू आडके स्वागताला फाटकात उभे होते. त्यांची नजर आधी पाहुण्यांकडे गेली नाही, चाकांवर गेली. दोन दिवसांचा ओला रंग घाटात वितळून फिरत्या चाकाने चोहीकडे भिरकावला होता. चाकांवर, मडगार्डवर, दारांच्या खालच्या कडेवर लाल शिंतोडे, आणि ते वाळून काळपट झालेले.

"किसको ठोका?" सुभेदार गरजले.

"कोणाला नाही साहेब," शेखर म्हणाला.

"मग हे रक्त कोणाचं?"

तेवढ्यात समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या आणि ओरडल्या, "आमची शेळी दिसत नाहीये हो सकाळपासून!" झालं. कांदेपोहे राहिले बाजूला, अर्धी गल्ली शेळी शोधायला निघाली. आत्याबाई नव्या साडीनिशी एका खड्ड्यात वाकून "मॅ मॅ" करत होत्या. शेळी मागच्या अंगणात धुणं खात असलेली सापडली. तोवर मुलगी, वैष्णवी, बाहेर येऊन चाकापाशी उकिडवी बसली होती. तिने नखाने एक शिंतोडा खरवडला, वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, हा ऑइलपेंट आहे. यांनी ब्रेकला ऑइलपेंट मारलाय." आणि ती इतकी हसली की तिला आत जावं लागलं.

वैष्णवी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात नोकरीला होती. लोखंडाचे तुकडे तापवणं, वाकवणं, तोडणं आणि त्यांचे आकडे लिहिणं हे तिचं रोजचं काम.

सोमवारी सकाळी बरोबर नऊला सुभेदार शेडवर हजर झाले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी डायरी. मागे वैष्णवी, तिच्या मागे तोंड पाडलेला शेखर.

"रंगारी कोण?"

मल्हारी हातातला पॉलिश पेपर तसाच धरून उभा राहिला. "मी."

"पूरा नाम?"

"मल्हारी रंगनाथ टिळे."

"आणि हे कोण?" सुभेदारांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी झेरॉक्सवाला," मी म्हणालो. "माझा काही संबंध नाही."

"मग साक्षीदार. बसा."

मी बसलो. सुभेदारांनी उभ्यानेच मुद्दा मांडला. पोरगा त्यांना वाईट वाटला नव्हता, घराणंही चांगलं होतं. पण जो माणूस आपली गाडी पेटवत दारात येतो त्याच्या हाती मुलगी कशी सोपवायची? "म्हणून दोष कोणाचा ते मला कळलं पाहिजे. पोराचा असेल तर आज नकार कळवतो. रंगाचा असेल तर पुढे बोलू."

मल्हारीने क्षणाचाही विचार केला नाही. "रंगाचा हाय साहेब. म्हंजे माझाच. मी इचारलं नाय नीट, किती तापतं."

शेखरचा चेहरा खुलला. सुभेदारांनी डायरीत लिहायला पेन उघडलं. पण वैष्णवी म्हणाली, "बाबा, थांबा. न मोजता कसं ठरवता? काका कबूल करतायत ते चांगुलपणाने. खरंच किती तापतं ते यांना तरी कुठे माहीत आहे?"

मल्हारीने चटकन मान वर केली. अठरा वर्षांत त्याचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या रविवारी शेखरच्याच गाडीतून सगळे नांदुरीच्या घाटात गेले. शेखर चालवायला, त्याच्या शेजारी मल्हारी, मागे मधे सुभेदार, त्यांच्या एका बाजूला वैष्णवी आणि दुसऱ्या बाजूला मी, साक्षीदार. वैष्णवीकडे लांबूनच उष्णता मोजणारं पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. देवीचं दर्शन घेऊन तिने शेखरला सांगितलं, "त्या दिवशी उतरलात तसेच उतरा. काही वेगळं करू नका."

शेखरने गाडी सुरू केली, पहिल्या उतारालाच गिअर काढून न्यूट्रल केलं आणि गाडी सोडून दिली.

"हे काय करताय?" वैष्णवीने विचारलं.

"न्यूट्रल. डिझेल वाचतं," शेखर अभिमानाने म्हणाला. "आमच्याकडे सगळे असंच उतरतात."

आता मला कळलं की आत्याबाईंना देवी का आठवली होती. प्रत्येक वळणावर शेखर ब्रेकवर उभा राहत होता. मल्हारी समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसला होता. सुभेदार शांत होते, पण त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर होता आणि वळण आलं की तो आवळायचा.

खाली पोचताच वैष्णवीने उडी मारली, चाकाच्या फटीतून यंत्र रोखलं आणि वाचलं, "थाळी तीनशे साठ अंश. कॅलिपर एकशे नव्वद."

"एकशे नव्वद!" मल्हारी दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडा आदरही. गेली कित्येक वर्षं तो गाड्या रंगवत होता आणि प्रत्येक गाडीत एकलहऱ्याचा एक छोटा पाइप बसलेला होता, हे त्याला आज कळत होतं.

गाडी थंड झाल्यावर वैष्णवी म्हणाली, "आता परत वर चला, आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. गाडीला गिअर दिलेत ते कशाला?"

शेखर दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. इंजिन घूं घूं करत होतं, मागून जीपवाले हॉर्न बडवत होते, एकाने तर खिडकीतून हात काढून "पायी चालत जा!" असा सल्ला दिला. शेखरने ओठ घट्ट मिटून घेतले, पण गिअर बदलला नाही. खाली आकडा आला ब्याण्णव.

"निम्म्याहूनही कमी," वैष्णवी म्हणाली.

सुभेदारांनी डायरी उघडली. "म्हणजे दोष पोराचा."

शेखर रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि चपलेने खडी उकरायला लागला. आणि तेव्हा जो माणूस माझ्यासमोर अठरा वर्षांत कोणालाही उलट बोलला नव्हता, तो बोलला.

"साहेब, आसं नका लिहू," मल्हारी म्हणाला. "घाटात नवा मानूस घाबरतो, ब्रेक दाबतो. ब्रेक त्याच्यासाठीच हाय. मग मानूस चुकला तरी रंगानं टिकायला पायजे. रंगारी आसून मी गेटाचा रंग ब्रेकला मारला. त्यांनी गाडी चुकीची हाकली, ती त्यांनी आत्ता सुधारली बी. माझं आजून सुधारायचं हाय. ते होईस्तोवर डायरी बंद ठेवा."

सुभेदारांनी डायरी मिटली. मग पेनाचं टोपण लावलं. "कितने दिन?"

"पंधरा."

त्या पंधरा दिवसांत मल्हारीने दुसरं काम हातात घेतलं नाही. भंगारवाल्याकडून त्याने जुने चार कॅलिपर आणले आणि चौघांना चार रंग दिले. पहिल्याला तोच लाल ऑइलपेंट, "आरोपी पायजेच" म्हणून. दुसऱ्याला इंजिनासाठी मिळतो तो डब्यातला स्प्रे. तिसऱ्याला एकलहऱ्याचा चंदेरी, भट्टीच्या पाइपांना लावतात तो. त्याचा एक डबा त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता, दर दिवाळीला तो उलटा-सुलटा करून ठेवायचा. चौथ्याला दोन डब्यांचा रंग: एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मोजून एकत्र केले की काही वेळात दगडासारखा धरतो. हा वैष्णवीने सुचवला होता. मल्हारीची मनातून खात्री होती की चंदेरीच जिंकणार.

रंग पुरते वाळल्यावर परीक्षा शेडला लागूनच असलेल्या त्याच्या घराच्या मागच्या अंगणात ठरली, कारण चूल तिथे होती. मालनबाईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, कोणी विचारलं नव्हतं.

"आहो, माझ्या चुलीवर ह्ये काय मांडलंय?"

"ब्रेक हायेत."

"शिजतेत कधी?"

"तापवायचे फक्त."

"मंग भाकरी कशावर करू?"

शेवटी तडजोड झाली. पुढे तवा, मागे कॅलिपर. मालनबाई भाकऱ्या थापत होत्या, वैष्णवी यंत्र रोखून आकडे वाचत होती, शेखर लाकडं सारत होता आणि सुभेदार घड्याळ बघून शिट्टी वाजवत होते. मी जुन्या बिलाच्या पाठीमागे सगळं लिहून घेत होतो.

ऑइलपेंट पहिल्या भाकरीलाच काळा पडला, दुसऱ्या भाकरीला सोलून खाली आला. मालनबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ह्याला फाशी द्या आधी." बाकीचे तिघे दोनशेच्याही पुढे टिकले. चौथा थोडा पिवळट झाला, चंदेरी मात्र जसाच्या तसा. मल्हारी मिशीतल्या मिशीत हसत होता.

मग दुसरी परीक्षा. ब्रेकमध्ये जे तेल असतं ते रंगाचा मोठा वैरी. ते कुठे झिरपलं तर रंग मऊ पडून सुटतो. वैष्णवीने तिन्ही कॅलिपरांवर ब्रेक ऑइल टाकलं, एक भाकरी होईपर्यंत थांबली आणि फडक्याने पुसलं. स्प्रेचा रंग फडक्यावर आला. चंदेरीही फडक्यावर आला, भस्मासारखा. दोन डब्यांचा होता तिथेच राहिला.

"परत घ्या," मल्हारी म्हणाला. "चंदेरी नीट भाजला गेला नसंल."

परत भाजला. परत फडक्यावर आला. तिसऱ्यांदा तो लाकडं सारायला लागला तेव्हा मालनबाईंनी उलथनं आडवं धरलं. "आता ह्या चुलीवर फकस्त भाकरी व्हईल."

राहिली खडीची परीक्षा. रस्त्यावरची खडी चाकात उडते, तिने टवका निघू नये. इथे सुभेदार पुढे झाले. तोफखान्यातल्या माणसाने नेम धरल्यावर बघायचंच काय, असं आम्हाला वाटलं. त्यांनी दहा पावलं मोजली, खडा घेतला, "फायर!" म्हणाले आणि तो मालनबाईंच्या हंड्यावर बसला. दुसरा माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर. "रेंज मिळतेय," सुभेदार म्हणाले. तिसरा चौथ्या कॅलिपरवर टणकन आपटला. आम्ही सगळे वाकून बघायला गेलो. टवका नव्हता. चंदेरीवर मात्र दोन खडे लागले आणि दोन्ही ठिकाणी खालचं लोखंड दिसायला लागलं.

मल्हारी आपला जुना डबा हातात घेऊन उभा होता. वैष्णवीला वाईट वाटलं असावं. ती हळूच म्हणाली, "काका, तुमचा रंग खोटा नाही. सहाशेलाही टिकेल तो. पण आपल्याला भट्टीचं धुराडं रंगवायचं नाही ना. इथं दोनशे-अडीचशेला टिकून तेल आणि खडी सोसायची आहे."

तो डबा घेऊन आत गेला आणि त्या दिवशी जेवायलाच बाहेर आला. मला वाटलं माणूस दुखावला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत असताना शेडमधून आला आणि म्हणाला, "पोरगी बरोबर बोलली. मी अकरा वर्सं पाइप बघितले, म्हनून मला सगळं पाइपच दिसतं." लगेच दोन डब्यांचा रंग आणायला गेलाही.

आता रंग कोणता, हा प्रश्न आला. शेखर, वैष्णवी आणि सुभेदार शेडवर आले तेव्हा मल्हारीने झाकणावर दोन ठिपके काढून ठेवले होते, एक लाल, एक करडा.

"लाल," शेखर म्हणाला. मग थांबला आणि वैष्णवीकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"ब्रेकची काजळी रोज उडते. आठ दिवसांत लालाचा विटकरी होईल, मग तुम्ही रोज टूथब्रश घेऊन चाकात बसाल. करडा मळला तरी कळत नाही."

"पण करडा लावलेलाही कळणार नाही."

"नाहीच कळणार."

शेखरचं बोट आधी लाल ठिपक्याकडे गेलं. लाल कॅलिपरांचे ते अकरा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये अजून होते, मला माहीत होतं. शेवटी त्याने करड्यावर बोट ठेवलं. मालनबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या होत्या. त्या परत जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "ठरलं म्हना लगीन."

रंगवायला मल्हारीने तीन दिवस घेतले, आणि त्यातले दोन नुसते साफ करण्यात गेले. तारेच्या ब्रशने गंज खरडला, काजळी काढली, तेलाचा अंश राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा पुसलं. रबराच्या टोप्यांना, सरकणाऱ्या पिनांना आणि थाळीला रंगाचा थेंब लागू नये म्हणून टेप-कागदाने असं काही गुंडाळलं की एखाद्या जखमीला पट्ट्या बांधल्यासारखं दिसत होतं. शेखर दर दोन तासांनी फोन करायचा, "झालं का?" आणि मल्हारी, जो कोणाला नाही म्हणत नसे, दर वेळी म्हणायचा, "नाय." पातळ हात मारले, मधे वेळ सोडला, आणि रंग पुरता धरेपर्यंत गाडीची किल्ली मालनबाईंच्या डब्यात ठेवून दिली. डबा कसला ते त्याने शेखरला सांगितलं नाही.

गाडी दिली त्याच दिवशी पुन्हा घाट. या वेळी शेखर आपणहून दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. मग वैष्णवीने मुद्दाम त्याला एकदा जोरात ब्रेक मारत उतरायला लावलं. दोन्ही वेळा कॅलिपर जसाच्या तसा. सुभेदार मागच्या सीटवर झोपून गेले होते, म्हणून आकडा वाचल्यावर शेखरने हळूच विचारलं, "साहेबांना झोप लागली, हे चांगलं की वाईट?"

"ब्रेकसाठी चांगलं," वैष्णवी म्हणाली आणि यंत्र पिशवीत ठेवत हसली.

साखरपुडा मे महिन्यात कॅम्पातल्याच एका हॉलमध्ये झाला. मल्हारीला आणि मला खास आमंत्रण होतं. फुलं लावलेली गाडी दारातच उभी होती. शेखरच्या आत्याबाई चाकाजवळ थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शेखर, तू आत लाल रंग लावला होतास ना रे? परत लावायचा राहूनच गेला वाटतं?" मल्हारी माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या तोंडात जिलबी होती. त्याने ती सावकाश चावली आणि गिळली. जन्मातलं सगळ्यात नीट केलेलं काम त्याच्या समोर उभं होतं आणि ते कोणालाही दिसत नव्हतं. मी त्याची समजूत घालणार होतो, तर तो म्हणाला, "दिसत नाय म्हंजे जमलंय," आणि दुसरी जिलबी घ्यायला गेला.

नंतर त्याने हौसेने पाटी लावली: 'ब्रेकला टिकाऊ रंग लावून मिळेल'. मीच छापून दिली. पहिल्या महिन्यात सात गिऱ्हाइकं आली, सातही जणांचे ब्रेक नीट लागत नव्हते. एक जण म्हणाला, "रंग राहू द्या, आधी गाडी थांबत नाही ते बघा." मल्हारीने सातही जणांना पुढच्या चौकातल्या मेकॅनिककडे पाठवलं. मेकॅनिक खूश होऊन त्याला दर शनिवारी चहा पाजतो. खऱ्या रंगाची गिऱ्हाइकं मग हळूहळू आली. आता महिन्याला तीन-चार जोड्या होतात. प्रत्येकाला तो आधी विचारतो, "घाट उतरताना गिअर कुठला?" कोणी न्यूट्रल म्हटलं की रंग राहतो बाजूला आणि पंधरा मिनिटं व्याख्यान होतं.

यंदा एप्रिलमध्ये शेखर-वैष्णवी मागच्या दाराला पडलेला पोचा काढून घ्यायला आले. मल्हारीने दाराकडे बघितलंही नाही. आधी पुढचं चाक काढलं आणि खाली बसला. वर्षभराची काजळी पुसली. करडा रंग होता तिथेच, फक्त एका कोपऱ्यात तिळाएवढा टवका उडाला होता.

"एवढंसं तर आहे काका," वैष्णवी म्हणाली. "राहू द्या."

"नाय. तिथून गंज आत शिरतो." त्याने दोन्ही डबे काढले, थेंब थेंब मोजून मिसळले आणि काडीच्या टोकाने तो टवका भरला. मग उठून हात पुसले आणि दोघांना सांगितलं की आता चार तास चाक बसवायचं नाही. शेखरने घड्याळ बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मालनबाईंनी आतून आधीच हाक मारली होती. पिठलं झालं होतं, तवा तापला होता. शेखर हात धुवून चुलीपाशी बसला आणि न सांगताच लाकडं सारायला लागला. बाहेर मल्हारी मागच्या दाराचा पोचा बघत होता, आणि मला म्हणत होता, "ह्यो मात्र शेखररावांनीच पाडलाय. रिव्हर्समधी."